थंडरबोल्ट : एका मोडीत निघालेल्या गाडीची हकीकत

आजच्या भाषणाचा विषय ऐकून कांहीं श्रोत्यांना नवल वाटण्याचा संभव आहे. जत्रेंतल्या पाळण्याच्या जातीचें एक यंत्र, तेंही सातासमुद्रांपलीकडचें, आणि आतां तर अस्तित्वांतही नसलेलें! त्याचा इतिहास सांगून कोणाचें काय भलें व्हावयाचें, असा प्रश्न सुज्ञ गृहस्थ खुशाल विचारूं शकतील. किल्ले, लढाया आणि तह यांच्या सनावळ्या मुलांकडून पाठ करून घेण्यांत ज्याचें आयुष्य गेलें त्या निवृत्त शिक्षकानें करमणुकीच्या गाडीवर बोलावें, हेंही कित्येकांना चमत्कारिक वाटेल. परंतु इतिहास जसा सिंहासनांचा असतो तसाच तो चार पैसे खर्चून दोन घटका मौज करणाऱ्या सामान्य माणसांचाही असतो. शिवाय एखाद्या क्षुल्लक वस्तूच्या अखेरींत कधीं कधीं असा प्रश्न दडलेला असतो, कीं तोच पुढें मोठमोठ्या वास्तूंच्या बाबतींत आपणांस सोडवावा लागतो. जुनी वस्तु टाकाऊ केव्हां होते, आणि ती टाकाऊ झाली असें ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा तो प्रश्न होय.

अमेरिकेंतील न्यूयॉर्क शहराच्या कोनी आयलंड या समुद्रकांठच्या भागांत 'थंडरबोल्ट' नांवाची एक लांकडी रोलर कोस्टर होती. १९२५ सालीं ती धांवूं लागली, १९८२ सालीं बंद झाली आणि २००० सालीं पाडण्यांत आली. तिची हकीकत मी आज सांगणार आहें.

प्रथम रोलर कोस्टर म्हणजे काय तें थोडक्यांत पाहूं. लहान मुलांची घसरगुंडी सर्वांच्या परिचयाची आहे. मूल शिडीनें वर चढतें आणि घसरत खालीं येतें. आतां अशी कल्पना करा कीं, ती घसरगुंडी पांचसहा मजली घराइतकी उंच आहे. ती जमिनीला टेकून संपत नाहीं, तर पुनः वर चढते, पुनः उतरते, वळते, आणि शेवटीं निघाल्या ठिकाणींच परत येते. आणि तिच्यावरून एकट्या मुलाऐवजीं वीस-चोवीस माणसांनीं भरलेली एक लहानशी आगगाडी धांवत आहे. या गाडीला स्वतःचें इंजिन नसतें. रुळांच्या मधोमध फिरणारी एक सांखळी तिला पहिल्या, म्हणजे सर्वांत उंच, चढावाच्या माथ्यावर ओढून नेते आणि तेथें सोडून देते. पुढचें सारें काम पृथ्वीच्या आकर्षणाचें. व्यवहाराच्या भाषेंत बोलावयाचें तर ती उंची हें गाडीला एकदांच मिळालेलें मुद्दल होय. गाडी उताराला लागली कीं त्या मुद्दलाचा वेग होतो, आणि पुढच्या चढावर वेगाची पुनः उंची होते. मात्र या प्रत्येक देवघेवींत घर्षण आणि वारा आपापली दलाली कापून घेतात. म्हणून पुढचा कोणताही माथा पहिल्याइतका उंच ठेवतां येत नाहीं, आणि मुद्दल सरण्यापूर्वीं गाडी घरीं पोंचेल असा हिशेब आधींच करून ठेवावा लागतो. माथा ओलांडून गाडी एकाएकीं खालीं वळते, तेव्हां आंत बसलेल्याचें शरीर मात्र क्षणभर आपल्या पूर्वीच्याच दिशेनें जाऊं पाहतें. तें जागेवरून किंचित् उचललें जातें आणि पोटांत गोळा उठतो. न्यूटनचा गतीविषयींचा पहिला नियम मुलें शाळेंत तोंडपाठ करतात. येथें तो थेट पोटांत उतरतो.

या खेळाचें मूळ रशियांत आहे. सतराव्या-अठराव्या शतकांत तेथील लोक हिवाळ्यांत लांकडाचे उंच मनोरे आणि त्यांना जोडून उतरते मार्ग उभारीत, त्यांवर पाणी ओतून बर्फ गोठवीत, आणि मग त्या बर्फावरून घसरत खालीं येत. सेंट पीटर्सबर्ग येथील अशा बर्फाच्या टेकड्या विशेष प्रसिद्ध होत्या. तेथून ही कल्पना फ्रान्समध्यें गेली. पण पॅरिसांत रशियाची थंडी कोठून आणावी? तेव्हां तेथें बर्फाच्या जागीं चाकांच्या गाड्या आल्या, आणि १८१७ सालीं तर चाकें मार्गांतून निसटूं नयेत अशी व्यवस्थाही करण्यांत आली. गंमतीची गोष्ट अशी कीं, फ्रेंच लोक आजही या खेळाला 'रशियन डोंगर' म्हणतात, आणि खुद्द रशियन लोक त्याला 'अमेरिकन टेकड्या' या नांवानें ओळखतात. आपल्या घरांतील वेडाचें खापर शेजाऱ्याच्या माथीं फोडण्याची हौस सर्व देशांत सारखीच दिसते!

अमेरिकेंत या खेळाचा जन्म दुहेरी आहे. पेन्सिल्व्हेनिया संस्थानांत माऊक चंक या गांवीं १८२७ सालीं डोंगरांतील कोळसा खालीं आणण्यासाठीं रूळ टाकण्यांत आले. भरलेल्या गाड्या आपल्याच भारानें उतरून येत आणि रिकाम्या गाड्या खेंचरें वर ओढून नेत. परत वर जाण्याचें काम करणारीं हीं खेंचरें स्वतः मात्र खालीं येतांना गाडींत बसून येत. पुढें कोळशाची वाहतूक दुसऱ्या मार्गानें होऊं लागली, आणि जुना मार्ग केवळ वाऱ्याची झुळूक व वेगाची मौज अनुभवूं इच्छिणाऱ्या प्रवाशांसाठीं चालूं राहिला. हमालीचें यंत्र अशा रीतीनें खेळणें झालें.

ही गोष्ट ध्यानीं घेऊन, डोंगर नसेल तेथें लांकडाचा डोंगर उभारावयाचा आणि त्यावरून लोकांना फिरवावयाचें, हा व्यवसाय यशस्वी करून दाखविला तो लामार्कस थॉम्पसन या गृहस्थानें. विणलेले मोजे तयार करण्याच्या धंद्यांत त्यानें पैसा मिळविला होता. रविवारच्या धर्मशाळेंत तो शिकवीत असे, आणि तरुणांनीं मद्यगृहांकडे न वळतां मोकळ्या हवेंत निर्दोष करमणूक करावी अशी त्याची तळमळ होती, असें त्याच्याविषयीं सांगतात. ता. १६ जून १८८४ रोजीं कोनी आयलंड येथें त्यानें आपली गाडी सुरू केली. तिचा मार्ग ६०० फूट लांब होता, वेग ताशीं अवघा सहा मैल, आणि भाडें पांच सेंट. बाकावर आडवें बसून आजूबाजूचा देखावा पाहत जावयाचें. एका टोकाला गाडी थांबली कीं सर्वांनीं उतरावयाचें, नोकरांनीं ती ढकलून दुसऱ्या मनोऱ्यावर चढवावयाची, आणि मग शेजारच्या रुळांवरून परत यावयाचें. आजच्या दृष्टीनें हें सारें बाळबोध वाटेल. पण लोकांची रीघ लागली. एका वर्षाच्या आंत इतर कल्पकांनीं मार्गाचीं दोन्ही टोकें जोडलीं व चढावाला सांखळी लावली, आणि रोलर कोस्टरला तिचें आजचें रूप येऊं लागलें.

तरीही एक मोठी अडचण शिल्लक होती. उतार फार तीव्र केला तर माथ्यावर गाडी रुळांवरून वर उचलली जाई. त्यामुळें उतार बेताचेच ठेवावे लागत. हा अडसर दूर केला जॉन मिलर या अभियंत्यानें. रुळांवरून धांवणाऱ्या चाकांखेरीज रुळांच्या खालच्या बाजूनें फिरणारीं आणखी चाकें त्यानें गाडीला जोडलीं; १९१९ सालीं त्याला या युक्तीचें पेटंट मिळालें. सांखळी तुटली तरी गाडी मागें घसरूं नये म्हणून चढावावर बसविलेली दांत्यांची व्यवस्थाही त्याचीच. चढतांना जो 'कट् कट्' असा आवाज येतो आणि ज्यानें भित्र्या माणसाची छाती धडधडूं लागते, तो वस्तुतः त्याच्या सुरक्षिततेची ग्वाही देणारा आवाज आहे. या दोन शोधांनंतर गाडी रुळांना जणूं कुलूप लावून धांवूं लागली, आणि वाटेल तसे उभे उतार बांधण्याची मुभा मिळाली. अमेरिकेंत १९२० ते १९२९ या काळांत लांकडी रोलर कोस्टरचा जो सुकाळ झाला, त्याचें एक मोठें कारण हेंच होय.

या सुकाळाची राजधानी म्हणजे कोनी आयलंड. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागाच्या दक्षिण टोकाला, अटलांटिक महासागराच्या कांठीं असलेली ही वाळूची पट्टी. १९२० सालीं शहराची भुयारी रेल्वे तेथवर पोंचली. पांच सेंटांत शहराच्या कोणत्याही कोपऱ्यांतून समुद्रावर जातां येऊं लागलें. १९२३ सालीं किनाऱ्यालगत लांकडी फळ्यांचा प्रशस्त फिरस्ता तयार झाला. ज्यांना उन्हाळ्यांत थंड हवेच्या ठिकाणीं जाणें परवडत नसे, अशा गिरणींतील मजुरांचे, शिंप्यांचे, कारकुनांचे लोंढे तेथें लोटूं लागले. देशोदेशींहून आलेले, परस्परांची भाषा न जाणणारे हे लोक एकाच गाडींत बसत, आणि किंकाळी फोडण्यास भाषांतराची गरज कोणालाच पडत नसे.

येथें लागोपाठ तीन वर्षांत तीन मोठ्या गाड्या उभ्या राहिल्या. तिघींचीं नांवें तुफानाच्या घराण्यांतील. १९२५ सालची थंडरबोल्ट, म्हणजे वज्र. १९२६ सालची टॉर्नेडो, म्हणजे वावटळ. आणि १९२७ सालची सायक्लोन, म्हणजे चक्रीवादळ. या तीन बहिणींच्या वाट्याला तीन निराळीं भाग्यें आलीं, आणि आजच्या कथेचें सार त्यांत आहे.

थंडरबोल्टची आंखणी जॉन मिलर यानेंच केली होती आणि ती उभारली जॉर्ज मोरान नांवाच्या मालकानें. जागा लहान आणि त्या जागेवर आधींच एक घर उभें होतें. केन्सिंग्टन हॉटेल या नांवाची ती १८९५ सालची इमारत. एखाद्यानें घर पाडून जागा मोकळी केली असती. मोराननें तसें केलें नाहीं. त्यानें पोलादी तुळया घालून गाडीचा मार्ग घराच्या डोक्यावरून नेला. खालीं माणसें राहत आणि वर गाडी धांवत असे. मालकाचा मुलगा आणि त्याची सहचरी यांनीं पुढें कित्येक दशकें त्या घरांत संसार केला. गाडी वरून गेली कीं घर हादरे. पण माणसाला कशाची संवय होत नाहीं? आगगाडीच्या रुळांलगत चाळींत राहणाऱ्या आपल्यापैकीं कित्येकांना हें सांगावयास नको. वुडी ॲलन या दिग्दर्शकाच्या १९७७ सालच्या 'ॲनी हॉल' या बोलपटांत नायक आपलें बाळपण रोलर कोस्टरखालच्या घरांत गेल्याचें सांगतो, तें घर हेंच. बोलपट पाहणाऱ्या जगांतील बहुतेकांना ती लेखकाची विनोदी कल्पना वाटली. ती कल्पना नव्हती, खरोखरीचा पत्ता होता.

आतां 'लांकडी' या शब्दाविषयीं थोडा खुलासा करणें अवश्य आहे, कारण पुढील सर्व कथा त्यावर अवलंबून आहे. लांकडी रोलर कोस्टरचे खांब लांकडाचेच असतात असें नाहीं. सायक्लोनचा सांगाडा पोलादी आहे. ज्या मार्गावरून चाकें धांवतात तो मार्ग लांकडाचा असला म्हणजे ती गाडी लांकडी समजतात. फळ्यांचे अनेक थर एकावर एक रचून बांधावयाचे आणि त्यांच्या माथ्यावर लोखंडाची चपटी पट्टी ठोकावयाची, अशी ती रचना. लांकूड वांकतें, दबतें, हवेंतील ओल पिऊन फुगतें आणि उन्हानें आक्रसतें. गाडी धडधडत गेली म्हणजे सारा सांगाडा थोडासा डोलतो. तो डोलतो म्हणूनच टिकतो. परंतु या डोलण्यानें खिळे सैल होतात, बोल्ट ढिले पडतात, फळ्या झिजतात. यासाठीं रोज सकाळीं, पहिली गाडी सुटण्यापूर्वीं, हातांत हातोडा व पाना घेतलेला मनुष्य संबंध मार्ग पायीं चालून जातो. आज एक खिळा, उद्यां एक फळी, परवां एक पट्टी, असें हें काम कधींच संपत नाहीं. पन्नास वर्षांच्या जुन्या गाडींत मुळचें लांकूड फारच थोडें उरतें; तरी ती गाडी तीच असते. गांवच्या देवाच्या रथाचें एक चाक यंदां, एक खांब पुढच्या वर्षीं, असें बदलत बदलत तीन पिढ्या जातात, तथापि रथ बदलला असें कोणी म्हणत नाहीं. लांकडी रोलर कोस्टर बांधून झाली असें कधींच म्हणतां येत नाहीं. ती रोज थोडीथोडी बांधली जात असते. ज्या दिवशीं सकाळची ती फेरी थांबते, त्या दिवसापासून तिची मोडतोड सुरू होते.

अशी फेरी थांबण्याचे दिवस हळूहळू आले. १९२९ सालीं अमेरिकेंत जें आर्थिक अरिष्ट आलें त्यानें नव्या गाड्यांची उभारणी थंडावली. मागून महायुद्ध आलें. युद्धानंतर ज्याच्या त्याच्या दाराशीं मोटार आली, आणि भुयारी रेल्वेनें समुद्रावर जाणारीं कुटुंबें दूरच्या उपनगरांत राहावयास गेलीं. कोनी आयलंडमधील स्टीपलचेस हें नामांकित करमणुकीचें उद्यान १९६४ सालीं कायमचें बंद झालें. १९७७ सालच्या अखेरीस टॉर्नेडो आगीच्या भक्ष्यस्थानीं पडली. थंडरबोल्ट कशीबशी १९८२ पर्यंत धांवली, आणि मग तिचीही सांखळी थांबली.

१९८५ सालीं होरेस बुलार्ड या उपाहारगृहांच्या मालकानें ती विकत घेतली. तिच्या शेजारीं स्टीपलचेसच्या जागेवर पुनः एक भव्य उद्यान उभारावें आणि त्यांत थंडरबोल्टला नवें जीवन द्यावें, अशी त्याची महत्त्वाकांक्षा होती. नगरपालिकेशीं वाटाघाटी झाल्या, आराखडे निघाले. पण योजना कागदावरच राहिली. १९९४ सालीं शहरांत नवी राजवट आली, आणि उद्यानासाठीं योजिलेल्या जागेवर पुढें बेसबॉल खेळाचें क्रीडांगण बांधण्याचें ठरलें. या सर्व काळांत थंडरबोल्ट जागच्या जागीं उभी होती. खारा वारा तिचें लोखंड खात होता. उन्हाळ्यांत वेली तिच्या चढावांवर पसरत, आणि जेथें माणसांच्या किंकाळ्या ऐकूं येत तेथें हिरवीगार पानें सळसळत. कित्येकांना ती ओसाड शोभा मनोहर वाटे. छायाचित्रकार तिचीं चित्रें घेत. परंतु वेलीची शोभा ही लांकडाच्या आयुष्यांतून वजा होत असते, हें विसरून चालणार नाहीं.

ता. १७ नोव्हेंबर २००० रोजीं नगरपालिकेच्या हुकुमानें थंडरबोल्ट पाडण्याचें काम सुरू झालें. रुडॉल्फ ज्युलियानी हे त्या वेळीं शहराचे महापौर होते. हा सांगाडा कोसळण्याच्या बेतांत असून लोकांच्या जीविताला धोका आहे, असें कारण नगरपालिकेनें दिलें. वरची गाडी गेली आणि तिच्याबरोबर खालचें घरही गेलें. जें घर १९२५ सालीं गाडी बांधणाऱ्यानें पाडलें नाहीं, तें पाऊणशें वर्षांनीं गाडी पाडणाऱ्यांनीं पाडलें. पुढच्याच वर्षीं, २००१ सालीं, जवळचें नवें क्रीडांगण खेळासाठीं खुलें झालें.

बुलार्ड न्यायालयांत गेले. २००३ सालीं संघराज्याच्या न्यायालयांतील ज्यूरीनें असा निर्णय दिला कीं, ही गाडी पाडण्यास नगरपालिकेपाशीं समर्थनीय कारण नव्हतें. निर्णय लागला तेव्हां त्या जागेवर निर्णय लावावयास कांहींच उरलें नव्हतें. चुकीच्या हुकुमानें कैद झालेल्या माणसाला सोडून देतां येतें. पाडलेली वास्तु निर्दोष ठरवून पुनः उभी करतां येत नाहीं. म्हणूनच पाडण्याच्या हुकुमापूर्वींची चौकशी ही नंतरच्या चौकशीपेक्षां शतपट अधिक काळजीपूर्वक झाली पाहिजे.

आतां दुसऱ्या बाजूचाही विचार न्यायबुद्धीनें केला पाहिजे. शहराच्या अधिकाऱ्यांचें काम अवघड असतें. मोडकळीस आलेली इमारत पाडली नाहीं आणि ती उद्यां एखाद्या पोराच्या अंगावर कोसळली, तर लोक त्यांनाच दोष देतील. शिवाय थंडरबोल्ट अठरा वर्षें बंद होती. त्यांपैकीं पंधरा वर्षें ती एकाच मालकाच्या ताब्यांत होती, आणि भव्य योजनेची वाट पाहत असतां रोजची किरकोळ डागडुजी मात्र राहून गेली. मोठें स्वप्न पाहणाऱ्या माणसाच्या हातून लहान कर्तव्यें निसटतात, हा अनुभव जगांत नवा नाहीं. तेव्हां दोष एकट्या नगरपालिकेचा असें मी म्हणत नाहीं. परंतु दुर्लक्षित असणें आणि कोसळण्याच्या बेतांत असणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली डोळ्यांनीं दिसते; दुसरी तपासावी लागते. ज्यूरीचा निर्णय याच भेदावर बोट ठेवतो.

कोणी म्हणेल कीं, इतकीं वर्षें बंद पडलेली लांकडी गाडी पुनः चालूं होणें शक्य तरी होतें काय? याचें उत्तर अनुमानानें देण्याची गरज नाहीं, कारण तें प्रत्यक्ष घडलेलें आहे. पेन्सिल्व्हेनियांतील अल्टूना गांवीं 'लीप द डिप्स' नांवाची १९०२ सालची एक गाडी आहे. ती थंडरबोल्टहून तेवीस वर्षांनीं वडील. इतकी जुनी कीं, मिलरचीं खालचीं चाकेंही तिला नाहींत. तीही १९८५ सालीं बंद पडली होती. तेथील लोकांनीं तिची जपणूक मनावर घेतली. १९९६ सालीं तिला राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा मिळाला, कुजलेलें लांकूड बदलण्यांत आलें, आणि १९९९ सालीं, म्हणजे चौदा वर्षांच्या निद्रेनंतर, ती पुनः धांवली. याच्या दुसऱ्याच वर्षीं न्यूयॉर्कांत थंडरबोल्टवर घण पडले. एका गांवाला जें साधलें तें जगांतील एका अतिश्रीमंत शहराला साधलें नाहीं, तर त्याचें कारण पैशाच्या किंवा विद्येच्या अभावांत शोधतां येणार नाहीं.

आणि तिसरी बहीण सायक्लोन? तिची कथा तर अधिकच बोधप्रद आहे. ती नेमकी त्याच जागीं उभी आहे जेथें १८८४ सालीं थॉम्पसनची पहिली गाडी धांवली होती. ८५ फूट उंची, सुमारें अर्धा मैल लांबी, ताशीं ६० मैलांचा वेग, आणि सर्व प्रवास दोन मिनिटांच्या आंत संपणारा. तिच्यावरही संकट आलें होतें. १९६९ सालीं तिची मालकी शहराकडे गेली, आणि शेजारच्या मत्स्यालयाच्या वाढीसाठीं ती पाडावी असा विचार बळावला. परंतु नागरिकांनीं आवाज उठविला. जवळच्या करमणूक-उद्यानाच्या चालकांनीं ती भाडेपट्ट्यानें घेतली, डागडुजी केली, आणि १९७५ सालीं ती पुनः सुरू झाली. १९८८ सालीं न्यूयॉर्क शहरानें तिला संरक्षित वास्तु म्हणून जाहीर केलें, आणि १९९१ सालीं तिची नोंद ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादींत झाली. आज ती शंभरीच्या घरांत आहे आणि अजूनही धांवते आहे. ज्या शहरानें थंडरबोल्ट पाडली त्याच शहरानें सायक्लोन राखली. दोघींचें वय जवळजवळ सारखें, समुद्र एकच, खारा वारा एकच. फरक काय तो एवढाच कीं, सायक्लोनच्या मार्गावरून रोज सकाळीं पाना घेतलेला मनुष्य चालत राहिला, आणि थंडरबोल्टच्या मार्गावरून चालणारें कोणी उरलें नाहीं. राहत्या घरापेक्षां ओसाड घर लवकर पडतें, हा आपल्या वाडवडिलांचा अनुभव येथेंही खरा ठरला.

२०१४ सालीं कोनी आयलंडवर थंडरबोल्ट या नांवाची एक नवी गाडी सुरू झाली. ती पोलादी आहे. तिचा चढाव सरळ भिंतीसारखा उभा आहे आणि ती माणसांना उलटें टांगूनही फिरवते. जुन्या नांवाची आठवण कोणाला तरी ठेवावीशी वाटली, ही समाधानाची गोष्ट होय. तरुणांनीं तिच्यांत अवश्य बसावें. नव्या वस्तूशीं माझें वैर नाहीं. परंतु आजोबांचें नांव नातवाला ठेवल्यानें आजोबा परत येत नाहींत, हेंही तितकेंच खरें.

श्रोतेहो, या कथेंत मला जें विशेष वाटतें तें हें. वस्तु जतन करावयाची म्हणजे तिला कुलूप लावून ठेवावयाचें, असा आपला एक समज असतो. पुस्तकें कपाटांत बंद केलीं म्हणजे तीं राखलीं, जुना वाडा बंद केला म्हणजे तो सांभाळला, असें आपण मानतों. आणि एके दिवशीं कपाट उघडावें तों आंत वाळवीनें आपलें वाचन पूर्ण केलेलें असतें. जतन हें वापरांत आहे, रोजच्या देखरेखींत आहे, सैल झालेला एक खिळा आजच्या आज ठोकण्यांत आहे. हें काम कंटाळवाणें असतें, त्याचा समारंभ होत नाहीं, त्याची वार्ता वर्तमानपत्रांत येत नाहीं. वर्तमानपत्रांत येतें तें पाडकाम.

आणि पाडणें कधीं कधीं अपरिहार्यही असतें. सर्वच जुन्या वस्तु राखतां येत नाहींत, आणि राखूंही नयेत. नाहींतर नव्या पिढीला उभें राहावयास जागा कोठली? मात्र ज्यांच्या हातीं घण आहे त्यांनीं तो उचलण्यापूर्वीं दोन गोष्टी कराव्या, एवढीच माफक अपेक्षा आहे. वस्तु खरोखरच मेली आहे किंवा केवळ दुर्लक्षित आहे, हें जाणत्या माणसाकडून तपासून घ्यावें. आणि ज्यांचे दिवस तिच्यांत गेले त्यांना एकदां तरी बोलूं द्यावें. कोनी आयलंडच्या त्या गाडीनें सत्तावन्न वर्षें लाखों गरीब माणसांना पोटभर हांसविलें व घाबरविलें, आणि त्यांच्या रविवारला अर्थ दिला. तिला एवढी सुनावणी मिळावयास हरकत नव्हती.

उद्यां आपल्या गल्लींतील एखाद्या बंद वाचनालयासंबंधीं, पडक्या नाट्यगृहासंबंधीं, किंवा पाणी असूनही बुजविण्यास काढलेल्या आडासंबंधीं असाच प्रश्न उपस्थित होईल. त्या वेळीं आपण नागरिक या नात्यानें पहिला प्रश्न असा विचारावा : याच्यावरून सकाळची फेरी मारणारा मनुष्य आपण केव्हांपासून बंद केला? या प्रश्नाचें प्रामाणिक उत्तर मिळालें, तर घण उचलावा कीं पाना, हें ठरविणें फारसें कठीण जाणार नाहीं.